हळू वाजवलेली दवंडी

मुलांनो, पुढे सरका! मोठ्यांनो, गप्पा पुरे! आता डोळे मिटा आणि एक बाजारपेठ मनात आणा. पेठेत बांगड्यांचा एक गाळा, दाराला टाळं. दिसला? मग सांगा — किल्ली हातात आली म्हणजे गाळा आपला झाला का?

त्र्यंबकशेठना वाटलं, झाला! पट्टी थकली म्हणून कचेरीनं भागीरथीबाई कासारणीचा गाळा लिलावात काढला आणि शेठनी घेतला. बाई कुठे होती? नदीपलीकडच्या गावात, लेकीच्या बाळंतपणाला! तिला पत्ताच नाही.

पण कारकून म्हणाले, "थांबा शेठ. आधी गाळ्यासमोर दवंडी द्या. पंधरा दिवसांत बाईनं पट्टी भरली, तर गाळा तिचा आणि तुमचे पैसे परत. नाही भरली, तर तुमचं नाव चढवतो."

शेठनी डफवाल्या सोमाला गाठलं. "सोमा, वाजव. पण — हळू!"

"हळू? शेठ, दवंडी द्यायची की बाळ निजवायचं?"

"आणि दुपारी दे. पेठ जेवायला गेल्यावर!"

सोमानं बोटाच्या टोकानं वाजवलं — टिक, टिक! कुत्र्यानंसुद्धा कान हलवला नाही, मंडळी! ऐकलं एकीनंच. शेठची नऊ वर्षांची चंपी, डबा घेऊन आली होती.

दुसऱ्या दिवशी शेठ ऐटीत कचेरीत! कारकून म्हणाले, "छान. आता दवंडी ऐकलेल्या दोन शेजाऱ्यांच्या सह्या आणा."

आली का पंचाईत! शेठ शिंप्याकडे गेले. "काल ऐकलंत ना?"

"काय हो?"

सांगावं, तर पेठभर होणार! "काही नाही — उकडतंय फार!" वाण्याकडे तेच, हलवायाकडे तेच. तीन दुकानं फिरले, तीन वेळा उकडलं!

घामाघूम होऊन घरी आले. "चंपे, तू तरी ऐकलीस ना गं दवंडी?"

"ऐकली, बाबा. पण जिच्यासाठी होती, तिनं कुठं ऐकली?"

"उकडतंय फार!" शेठ म्हणाले.

हसता काय, मंडळी? आपण तरी काय करतो? खरं बोलतो — पण ज्याचा हक्क, त्याच्या कानावर जाणार नाही अशा बेतानं! कुणाकुणाची दवंडी हळू वाजवलीत, घरी जाऊन आठवा.

आणि चंपी? अजून चौदा दिवस हातात होते. तिनं सोमाकडून डफ मागून आणला, गळ्यात अडकवला, नदीकाठच्या उंच खडकावर चढली आणि पलीकडच्या गावाकडे तोंड करून असा बडवला, असा बडवला, की तिकडच्या धुणं धुणाऱ्या बायकांचे हात थांबले. मग चंपीनं छाती भरून श्वास घेतला आणि हाक मारली — "भागीरथीआत्याऽऽ!"