जोडपट्टी

दादा : तो नाही. त्याच्या डावीकडचा.

बारक्या : मघाशी खालचा म्हणालास.

दादा : मघाशी कॉम्प्युटरचं कॅबिनेट उभं होतं. तू आडवं केलंस. पंख्याकडचा स्लॉट. त्याच्यासमोर मागे दोन पत्रे आहेत, एकेका स्क्रूवर. ते काढ आधी.

आप्पा : स्क्रू वाटीत टाक. गादीवर नको.

बारक्या : दोनच आहेत, आप्पा.

आप्पा : दोनच हरवतात. शंभर कोणी हरवत नाही.

दादा : वायर काढलीस ना भिंतीतली? मग चालू करायचं बटण एकदा दाबून सोड. आत उरलेली वीज जाते. आणि कार्डाला हात लावण्याआधी कॅबिनेटच्या पत्र्याला हात लाव. अंगातली जाते.

बारक्या : माझ्या अंगात कुठली वीज.

दादा : तुझ्यात असेल. माझ्या उजव्या बाजूची गेली.

बारक्या : कसं वाटतं रे? हाताला?

दादा : काही वाटत नाही. आजारच तो आहे. कोणीतरी मांडीवर पिशवी ठेवून गेलंय आणि न्यायला येत नाहीये.

आप्पा : व्यायाम करत नाही तो. रबरी चेंडू आणून दिला, तसाच पडलाय.

दादा : चेंडू धरला जात नाही, आप्पा. दाबायची गोष्ट नंतरची.

बारक्या : वहिनी कुठेय?

दादा : कामावर. आता घरात कमावती तीच. किती वाजले?

आप्पा : सव्वातीन.

दादा : पाचला शाळेची माणसं येतील.

बारक्या : कुठल्या शाळेची?

दादा : अजून बांधायची आहे. दारातून आत, जिना, वर्ग, गच्ची, सगळं स्क्रीनवर फिरवून दाखवायचंय. फाइल मी तुकड्यातुकड्यांनी केली. एक मजला, मग दुसरा. सगळी एकत्र कधी उघडलीच नाही. उघडायला गेलं की माझं एकटं ग्राफिक्स कार्ड मध्येच मान टाकतं. मेमरी पुरत नाही. ते म्हणालेत, आज पूर्ण दाखवा, नाहीतर आम्हाला दुसरीकडे बघावं लागेल. फार गोड बोलले. माझ्या तब्येतीची चौकशी पण केली.

बारक्या : आणि नाही उघडली तर?

दादा : तर मी आहे, पलंग आहे आणि आप्पांचा चेंडू आहे. तीन महिन्यांत डाव्या हाताने माउस शिकलो. तो कशावर फिरवायचा, एवढंच राहिलंय.

बारक्या : पत्रे निघाले.

दादा : आता तुझं कार्ड काढ पिशवीतून. कडेला धर. सोनेरी दातांना बोट लावू नकोस. धूळ पुसलीस का?

बारक्या : पुसली. वापरलंच कुठे फारसं. मी स्वयंपाकघरांचे ओटे काढतो. ओटा, त्याच्यावर कपाट, कपाटात डबे. त्याला कशाला लागतंय एवढं कार्ड? उंदीर मारायला तोफ.

दादा : मग तेव्हा ठेवून जायचंस.

बारक्या : अर्धं अर्धं करायचं ठरलं होतं.

दादा : ठरलं नव्हतं. आप्पांनी केलं.

आप्पा : मग काय करायला हवं होतं? एकाच खोलीत धंदा करणारे दोघं सख्खे भाऊ, एकमेकांचं तोंड बघेनात. म्हटलं, समान करून मोकळे व्हा. दोन टेबलं, एकेक. सहा कप, तीन-तीन. उद्या कोणी म्हणायला नको, बापाने झुकतं माप दिलं.

बारक्या : पायपुसणं.

आप्पा : पायपुसण्याचं काय?

बारक्या : मधोमध कापलंत.

आप्पा : वापरताय ना अजून दोघं? मग.

दादा : माझं उसवलं.

बारक्या : माझं पण.

आप्पा : कडा शिवून घ्यायच्या होत्यात. तेही बापानेच करायचं?

दादा : कार्ड सरळ धर. दोन्ही कडांवर सारखा दाब दे. भिऊ नको. टक् आवाज आला पाहिजे.

बारक्या : आला.

दादा : शेवटच्या खिट्टीचा होता तो. आता मागचे स्क्रू. मग एसएमपीएसमधून, त्या वीज देणाऱ्या डब्यातून, दोन वायरी घे, दोन वेगळ्या. एकाच वायरीची दोन तोंडं लावू नकोस, तापते.

बारक्या : तूच मला बोलायचास, एक वायर असताना दुसरी कशाला मागतोस.

दादा : बोलायचो. तेव्हा करायचो मीच.

बारक्या : तू करायचास आणि मी? मी काय माश्या मारायचो?

आप्पा : झालं सुरू.

बारक्या : नाही आप्पा, आज विचारतोच. त्या हॉटेलवाल्याने सगळ्यांसमोर याची पाठ थोपटली. "काय जिना काढलात," म्हणाला. जिना माझा होता. सव्वा महिना घासलेला. आणि हा काय म्हणाला, माहितेय? "धन्यवाद."

दादा : म्हणालो.

बारक्या : एवढंच?

दादा : एवढंच. जिना तुझा होता आणि मी धन्यवाद म्हणालो. दोन वर्षं होती हे सांगायला, तेव्हा सांगितलं नाही. आता जीभ जड आहे. यापेक्षा लांब वाक्य मागू नकोस.

बारक्या : तू हॉस्पिटलात असताना मला कळवलंही नाहीस.

दादा : आप्पांनी कळवलं. तू आठव्या दिवशी आलास.

बारक्या : मोजलेस?

दादा : छताचे चौकोन मोजून झाले होते.

आप्पा : वायर बसली का ती? अर्धवट दिसतेय इथून.

बारक्या : बसली, आप्पा. आता काय राहिलं?

दादा : पट्टी.

आप्पा : तीच. थांबा. रुमालात आहे.

दादा : आप्पा...

आप्पा : थांब म्हटलं ना. तुम्ही दोघांनी दोन वर्षं मला ऐकवलंय. तोंडाने नाही, पण ऐकवलंय. कोणाकडेही जेवायला बसलं की ऐकवलंय. दोन कार्डांना जोडणारी एकच पट्टी होती. दोघांत एक. आणि मी हॅक्सॉ आणला.

दादा : लाइन मारून कापलीत.

आप्पा : सरळच कापणार. पस्तीस वर्षं फिटर होतो. मला काय माहीत आत काय असतं? चार बोटांची प्लास्टिकची पट्टी. वाटलं, अर्धी याच्या कार्डावर, अर्धी त्याच्या. तुम्ही दोघं समोर उभे होता. शिकलेले. एकाने म्हणायचं, "आप्पा, थांबा." पातं उचललं असतं मी.

बारक्या : मला वाटलं, दादा बोलेल. तो थोरला.

दादा : मला वाटलं, हा बोलेल. पट्टी वाचावी असं त्याला वाटत असेल, तर.

आप्पा : कोणी बोललं नाही. भुसा पडला टेबलावर. तो फुंकला मी आणि दोघांच्या हातात अर्धी अर्धी दिली. आणि तुम्ही ती घेतलीत. घेतलीत ना? मुकाट्याने?

बारक्या : घेतली.

आप्पा : हं. ही घे. बोट फिरव वरून. लागतो का जोड?

बारक्या : नाही लागत.

आप्पा : लागणारच नाही. भिंग लावून केलंय. आत केसासारख्या रेघा आहेत तांब्याच्या. एकेकीला डाग दिलाय. वरून गोंद, मग कानस, मग पॉलिश. हा पडला होता तिकडे हॉस्पिटलात, मला काचेच्या आत सोडत नव्हते. घरी बसून करणार काय? याची अर्धी ड्रॉवरमध्ये होती. तुझी तुझ्याकडून मागून आणली. तू विचारलंही नाहीस कशाला.

बारक्या : मला वाटलं, टाकायला नेताय.

आप्पा : बावीस दिवस लागले. घाल आता.

दादा : आप्पा, माझा वाचायचा चष्मा आत राहिलाय. त्याच्याशिवाय स्क्रीन दिसत नाही मला.

आप्पा : कुठे आहे?

दादा : खिडकीत बघा. नाहीतर कपाटात.

आप्पा : घालायचं थांबा मी येईपर्यंत. नाहीतर घाला, घाला. वेळ जातोय.

(आप्पा आत जातात.)

बारक्या : काय करायचं?

दादा : ती लावलीस तर दोन्ही कार्डं जातील. आत थरावर थर असतात. वरच्या रेघा जोडल्यात त्यांनी. खालच्या जोडताच येत नाहीत कोणाला.

बारक्या : मग सांग त्यांना.

दादा : तू सांग.

बारक्या : तू थोरला.

दादा : परत तेच? भुसा पडेपर्यंत?

बारक्या : हळू बोल. हे बघ. माझ्याकडे आहे एक.

दादा : काय आहे?

बारक्या : पट्टी. नवी. दोन स्लॉटांमधलं अंतर मोजून घेतलेली, आपल्या बोर्डाची. बनवायचं बंद झालंय हे आता. एका दुकानात काचेच्या कपाटात पडून होती, दुकानदारालाच माहीत नव्हतं कशाची आहे.

दादा : दाखव. हो, हीच. कधी घेतलीस?

बारक्या : घेतली होती.

दादा : कधी?

बारक्या : मागच्या वर्षी.

दादा : मागच्या वर्षी.

बारक्या : दोनदा तुझ्या दारापर्यंत आलो होतो. आतून तुझा आवाज यायचा, फोनवर कोणावर तरी ओरडत असायचास. म्हटलं, आत गेलो की हा म्हणणार, आलास का शेवटी. मग परत जायचो.

दादा : म्हणालोच असतो.

बारक्या : म्हणून तर.

दादा : मागच्या वर्षी मला दोन हात होते.

बारक्या : दादा, तू शिव्या दे ना त्यापेक्षा.

दादा : येत नाहीत. खरंच येत नाहीत. आतून काही येतच नाही. लाव ती. आप्पांची इकडे दे, लपवतो.

बारक्या : कुठे?

दादा : उजव्या हाताखाली ठेव. तिकडे कोणी बघत नाही.

आप्पा : खिडकीत नव्हता. कपाटात नव्हता. उशीखाली होता. काड्या वाकल्यात. बसवली का?

बारक्या : बसवली.

आप्पा : सरळ?

बारक्या : सरळ, आप्पा. दोन्ही कार्डांच्या बरोबर डोक्यावर.

दादा : स्क्रीनची वायर पहिल्या कार्डाला. पहिल्याच. आता भिंतीतली लाव. बटण दाब.

आप्पा : पंखे फिरले.

दादा : फिरणारच. त्याने काही सिद्ध होत नाही. बारक्या, सेटिंगमध्ये जा. दोन कार्डं दिसतायत?

बारक्या : दोन दिसतायत. खाली एक चौकट आहे, "जोडणी चालू करा."

दादा : कर. स्क्रीन एकदा काळी होईल. हात लावू नकोस.

आप्पा : काळी झाली.

दादा : होऊ दे.

आप्पा : अजून काळीच आहे.

दादा : आप्पा, श्वास घ्या.

बारक्या : आली.

दादा : खाली कोपऱ्यात आकडा बघ. मेमरीचा. चोवीस असेल तर एकटं आहे. दोन्ही एक झाली असतील तर अठ्ठेचाळीस.

बारक्या : अठ्ठेचाळीस.

आप्पा : म्हणजे झालं?

दादा : फाइल उघडेपर्यंत काही झालं नाही. माउस इकडे दे, डावीकडे. मी उघडतो.

बारक्या : किती टक्के?

दादा : बारा. मागच्या वेळी साठावर मेली होती.

आप्पा : बोलू नका कोणी.

बारक्या : बोलल्याने काय होतंय, आप्पा.

आप्पा : तरी.

बारक्या : अठ्ठावन्न. साठ. एकसष्ट. दादा, एकसष्ट.

दादा : दिसतंय.

बारक्या : तुला काहीच वाटत नाही?

दादा : वाटेल. अजून पोचलं नाही. हल्ली सगळंच उशिरा पोचतं.

आप्पा : उघडली! ही शाळा? हे दार?

दादा : हे दार. आत या. हा मधला चौक. इकडे पाण्याचे नळ, लहान मुलांच्या उंचीचे. आणि समोर...

बारक्या : हा जिना.

दादा : हं.

बारक्या : हा माझा जिना आहे. दोन पायऱ्यांनंतर वळणारा, खाली बसायला कट्टा. हॉटेलचाच आहे, कठडा फक्त बुटका केलायस.

दादा : मुलं आहेत म्हणून. मला जिने जमत नाहीत. कधीच जमले नाहीत. तू गेल्यावर तीन काढले, तिन्ही शिडीसारखे झाले.

बारक्या : न विचारता घेतलास.

दादा : न विचारता घेतला. पाचला ते विचारतील, जिना कोणाचा. सगळे तेच विचारतात.

बारक्या : मग काय सांगशील?

दादा : तू थांब पाचपर्यंत. मला लांब बोलता येत नाही. तूच सांग.

आप्पा : थांबेल तो. चहा मी टाकतो. पण त्याआधी मला नीट बघू दे जरा आत. बॅटरी कुठेय? हं.

बारक्या : आप्पा, चालू आहे मशीन, वाकू नका फार.

आप्पा : माझ्या जोडाला एका कडेला कानशीचा ओरखडा राहिला होता. नखाएवढा. पॉलिशनेही गेला नाही तो.

बारक्या : आप्पा...

आप्पा : हिच्यावर नाहीये.

दादा : आप्पा, ऐका.

आप्पा : ऐकायचं काय त्यात? नवी आहे. चांगली बसलीय, सरळ. माझी कुठे ठेवलीत?

बारक्या : दादाच्या हाताखाली. उजव्या.

आप्पा : टोचतेय का रे?

दादा : नाही.

आप्पा : मग राहू दे तिथेच.