तात्यांनी वेल्ड केलेला पाण्याचा कॉम्प्युटर

शालनकाकी, तात्यांच्या घरची सगळी माणसं, आष्ट्याची मंडळी, आणि लांबून आलेले तुम्ही सगळे,

मला बोलायला सांगितलं तेव्हा मी नको म्हणाले होते. तात्यांच्या बरोबर मिल्ट्रीत दिवस काढलेली माणसं इथं बसली आहेत. चाळीस वर्षांचे शेजारी आहेत. मी त्यांना ओळखायला लागून जेमतेम चार वर्षं झाली. पण काकी म्हणाल्या, "तू बोल. तुझ्या डब्याचं सांग. ते सगळ्यांना तेच सांगत हुते." म्हणून उभी राहिले आहे. मध्येच थांबले तर सांभाळून घ्या.

मी सुनीता. माण तालुक्यातली, दहिवडीच्या पुढची. आमच्या घरी मेंढरं. मी शिकायला सांगलीला आले आणि विश्रामबागेतच राहिले. माझं काम असं, की घर बांधायच्या आधी ते कसं दिसेल, याची चित्रं मी कॉम्प्युटरवर तयार करते. एकेक चित्र तयार व्हायला चार-चार, सहा-सहा तास लागतात. तेवढा वेळ कॉम्प्युटर पूर्ण ताकदीनं पळत असतो आणि तापतो. माझी खोली गच्चीवरची, वर पत्रा. एप्रिल लागला की दुपारी बारानंतर कॉम्प्युटर आपोआप बंद पडायचा. चित्र अर्धं राहायचं.

त्यातच आई गोठ्यात घसरून पडली. खुबा मोडला. ऑपरेशन झालं, पण चार-सहा महिने कुणीतरी जवळ पाहिजे होतं. भाऊ मुंबईला नोकरीला. मग मीच जायचं ठरलं. पण काम? माझा कॉम्प्युटर म्हणजे काचेचं मोठं कपाट. तो एसटीतनं न्यायचा कसा? आणि आमच्या गावच्या धुळीत, उन्हात तो चालायचा कसा? आई सोडायची की काम सोडायचं, एवढंच माझ्यापुढं उरलं होतं.

पाण्यानं थंड होणारा कॉम्प्युटर असतो, हे मला माहीत होतं. मला तो लहान पाहिजे होता आणि दणकट लोखंडी डब्यात पाहिजे होता. सांगलीतल्या दुकानांत विचारलं. एक जण हसला. दुसरा म्हणाला, "मॅडम, तुम्ही तिजोरीच घ्या ना." शेवटी कुणीतरी सांगितलं, आष्ट्यात एक रिटायर्ड फौजी आहेत, मिल्ट्रीच्या वर्कशॉपमध्ये वेल्डर होते. ते नाही म्हणत नाहीत.

मी आले तेव्हा तात्या उसाच्या ट्रॉलीखाली झोपून काम करत होते. मला फक्त पाय दिसत होते. मी पायांनाच सगळं सांगितलं. आतनं आवाज आला.

"पाणी कशापायी?"

म्हटलं, "तात्या, आतली चिप तापते. तिच्यावरनं नळीतलं पाणी फिरवायचं. तापलेलं पाणी जाळीत न्यायचं, तिथं पंख्यानं गार करायचं आणि परत चिपेवर आणायचं."

"म्हंजे रेडिएटर."

"व्हय. रेडिएटरच."

तेव्हा ते बाहेर आले. "मग असं सांग की पोरी. मला वाटलं काय कॉम्प्युटर-बिम्प्युटर हाय."

त्यांनी मला एकच प्रश्न विचारला. "ह्यो न्यायचा कशातनं?" मी म्हटलं, एसटीतनं. दुसऱ्या दिवशी तात्या टेप घेऊन स्टँडवर गेले आणि उभ्या गाडीत शिरून सीटखालची जागा मोजायला लागले. कंडक्टर म्हणाला, "आजोबा, काय हरवलंय?" तात्या म्हणाले, "हरवलं न्हाई. हिथं कॉम्प्युटर बसवायचाय." तो कंडक्टर आज इथं आला आहे. हसू नका, त्यानंच मला हे सांगितलं.

पहिला डबा आठवड्यात झाला आणि वाया गेला. ज्या हातांनी ट्रॉल्या जोडल्या, त्या हातांनी तात्यांनी पातळ पत्रा एका दमात कडेपासून कडेपर्यंत वेल्ड केला. पत्रा तापला आणि त्यानं पीळ धरला. गुण्या लावला तर एकही कोपरा काटकोनात नाही. मी म्हटलं, चालेल तात्या, जरा ठोकून घेऊ. त्यांनी माझ्यादेखत ग्राइंडर घेतला आणि डब्याचे चार तुकडे केले. म्हणाले, "वाकडं काम दुकानात ठेवायचं न्हाई. नजरेला सवय लागती."

दुसरा डबा त्यांनी लहान लहान टाके देत केला. एक टाका इकडं, एक तिकडं, मध्ये गार होऊ द्यायचा. बोर्ड बसवायला आत चार नट जोडले. हवा आत येते तिथं डासांची जाळी लावली, आमच्या गावची धूळ अडवायला. जिल्हा परिषदेच्या शाळेच्या फाटकाचा निळा रंग उरला होता, तो दिला. डबा चार विटा एकत्र ठेवाव्यात एवढा दिसायचा. मी आत बोर्ड, पंप, नळ्या बसवल्या, बॅटरीत घालतो ते पाणी भरलं, आणि कॉम्प्युटर सुरू झाला. तात्या डब्यावर हात ठेवून अर्धा तास उभे होते. "गार हाय गं," म्हणत होते. "लय गार हाय."

तो डबा मी गावी नेला. अकराव्या दिवशी तो बंद पडला.

खाली पाणी साचलं होतं. बोर्ड गेला. पुण्याच्या एका मोठ्या इमारतीचं काम अर्ध्यात होतं, तेही गेलं. पुण्याच्या लोकांनी ते दुसऱ्याला दिलं. मला वाटलं, नळी मीच नीट घट्ट केली नसेल. त्याच विचारानं मी डबा घेऊन आष्ट्याला आले. तात्यांनी तो उघडला, आत बोट फिरवलं, आणि बोट बाहेर काढलं तर रक्त आलेलं. आतल्या बाजूला पत्र्याची एक कड कानशीनं घासायची राहिली होती. ब्लेडसारखी धार. पंखा चालला की नळी थरथरायची आणि त्या कडेवर घासायची. घासून घासून कापली.

मित्रांनो, मला काही कळलं नसतं. मी माझाच दोष समजून आले होते. तात्या गप्प बसले असते तर आजही मी तेच समजले असते. त्यांनी ते बोट माझ्यापुढं धरलं आणि म्हणाले, "तुझं काय चुकल्यालं न्हाई. ही माझी चूक हाय."

आणि मी काय केलं? मी भांडले. आईचं टेन्शन होतं, काम गेलेलं होतं, ते सगळं मी त्यांच्यावर काढलं. दुकानात चार माणसं होती. त्यांच्यासमोर मी म्हटलं, "एवढी मोठी धार, दिसत नव्हती का तुम्हाला?"

तात्या म्हणाले, "न्हाई दिसली."

मी डबा तिथंच टाकून गेले. घरी जाऊन दुसरा बोर्ड मागवला, पण तो खोक्यातनं काढायची हिंमत होईना. आईला उठवायचं, बसवायचं, मेंढरांचं बघायचं, असे दिवस चालले. तात्यांनी फोन केला नाही. मीही केला नाही. सव्वादोन महिने.

मग एका दुपारी आमच्या अंगणात दोन माणसं येऊन उभी राहिली. पुढं काकी. मागं डोळ्याला काळा चष्मा लावलेले तात्या, आणि त्यांच्या कवेत पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी. आष्टा ते सांगली, सांगली ते विटा, विटा ते दहिवडी, आणि तिथनं वडापच्या जीपनं. एवढ्या प्रवासात ते पोतं त्यांनी मांडीवरनं खाली ठेवलं नव्हतं.

मी चष्म्याकडं बघत राहिले. काकी म्हणाल्या, "मोतीबिंदू काढला ह्यांचा. दोन्ही डोळ्यांचा. चार वर्सं मी पाठी लागलीय, तर कवा ट्रॉली मधी आली, कवा सीझन मधी आला. तू जाऊन आठ दिवस झालं न्हाईत, तर सवताच म्हणालं, चल दवाखान्यात."

तात्या म्हणाले, "अगं, तुला कोण विचारलंय?"

"आवं, सांगू द्या की. डॉक्टरनं दीड महिना जाळापुढं जायचं न्हाई म्हणून सांगितलं. दीड महिना दुकानात नुसतं बसून हुतं. दिवस मोजत."

तिथं मला कळलं. मी विचारलं होतं, दिसत नव्हतं का, आणि त्यांनी खरंखरं उत्तर दिलं होतं. मी ते उत्तर ऐकलंच नव्हतं. मी तिथंच अंगणात रडले आणि माफी मागितली. तात्या म्हणाले, "माफी कशाची? मला दिसत नव्हतं. तू म्हणालीस, दिसत न्हाई. ह्यात तू खोटं काय बोललीस?"

त्यांनी पोतं सोडलं. आतनं नवा निळा डबा निघाला. मला म्हणाले, "हात आत घाल. फिरव बोट. सगळीकडं फिरव." मी बोट फिरवलं. कोपरा न कोपरा, कड न कड. एखाद्या वाटीच्या आतनं फिरवावं तसं बोट फिरत गेलं. ते माझ्या तोंडाकडं बघत होते. "कुठं लागतंय का?" नाही तात्या. "परत फिरव."

मग मला सांगितलं, की नळ्यांत पाणी भरून हा डबा त्यांनी पुतण्याच्या ट्रॅक्टरला बांधला होता आणि आठ दिवस उसाच्या रस्त्यानं फिरवला होता. पुतण्या इथं पुढंच बसला आहे. त्याला विचारा. तो सांगत होता, तात्या रोज संध्याकाळी डबा उघडून खाली घातलेला पेपर बघायचे. पेपरला थेंब लागलेला दिसला नाही, की घडी करून ठेवायचे. ते आठही पेपर त्यांनी पोत्यात घालून मला दाखवायला आणले होते.

त्या दिवशी आम्ही बोर्ड बसवला, पाणी भरलं, आणि तीन तास नुसता पंप चालवून वाट बघत बसलो. तेवढ्या वेळात तात्यांचं लक्ष आईकडं गेलं. दवाखान्यातनं आईला धरून चालायला एक ॲल्युमिनियमचा घोडा, म्हणजे वॉकर, दिला होता. आई तो हातात धरायची नाही. मी रोज ओरडायची. तात्यांनी विचारलं, "आक्का, चालत का न्हाई?"

आई म्हणाली, "आवं भाऊ, आमची जमीन खालीवर हाय. त्यो घोडा डुगडुगतोय. परत पडली तर?"

तात्या माझ्याकडं वळले. "हिला तू विचारलं हुतंस का, का चालत न्हाईस म्हणून?"

नव्हतं विचारलं. दोन महिने मी नुसती ओरडत होते.

त्यांनी खिशातनं टेप काढला. आईची उंची घेतली, उंबरा मोजला, अंगणाचा उतार बघितला. पंधरा दिवसांनी दहिवडीच्या एसटीत एक पार्सल आलं. चौकोनी पाइपचा घोडा. खाली पसरट पाय, मेंढराच्या खुरासारखे, आणि त्याला टायरचं रबर. आई तो धरून पहिल्या दिवशी दारापर्यंत गेली. महिन्याभरात गोठ्यापर्यंत. आज ती काठीसुद्धा न घेता इथं आली आहे. तिसऱ्या रांगेत, हिरव्या लुगड्यात बसली आहे ती माझी आई.

त्या डब्यावर मी तीन वर्षं काम करते आहे. माणच्या उन्हात, आईच्या शेजारी बसून. एकदाही बंद पडला नाही. मी त्याचा फोटो टाकला, मग साताऱ्याचा एक फोटोग्राफर आला, कराडचे दोघं आले. तात्यांनी सगळ्यांना डबे करून दिले आणि प्रत्येकाला आत बोट फिरवायला लावलं. आमच्या गावात त्याला सगळे पाण्याचा कॉम्प्युटर म्हणतात. लाइट गेली की पोरं विचारायला येतात, पाणी संपलं का म्हणून.

उन्हाळ्यात रोज दुपारी दोनला तात्यांचा फोन यायचा. हॅलो नाही, काही नाही. "आज किती?" मी आकडा सांगायची. पाणी किती तापलंय, तो आकडा. "मग ठीक हाय," म्हणायचे आणि ठेवून द्यायचे. गेल्या आठवड्यात ते सांगलीला दवाखान्यात होते, हे मला माहीत नव्हतं. फोन आला. आवाज बारीक होता. "आज किती?" मी म्हटलं, चोपन्न. म्हणाले, "मग ठीक हाय." मग जरा थांबले. असं कधी थांबायचे नाहीत. म्हणाले, "आणि आक्का?" म्हटलं, आई मेंढरांमागं गेलीय, ओढ्यापर्यंत. तात्या हसले. म्हणाले, "लय झाक." आणि ठेवला.

त्यानंतर दोन दिवसांनी तात्या गेले.

मंडळी, मला जास्त बोलता येत नाही. एवढंच सांगते. आपल्या हातून चुकलं तर ते बोट पुढं करून दाखवणारा माणूस मी पहिल्यांदा तात्यांच्या रूपानं बघितला. आणि समोरच्याला का जमत नाही, हे आधी विचारावं, मग ओरडावं, हे मला त्यांनी शिकवलं. मी अजून शिकतेच आहे. काकी, अजूनही मी आधी ओरडते.

आता आपण सगळे थोडा वेळ शांत उभे राहूया. आई, तू बसून राहिलीस तरी चालेल.

नाही म्हणतेय. उभी राहते म्हणतेय. राहू दे.

तात्या, तुम्ही मला कधी पाया पडू दिलं नाही. वाकले की हात धरायचे आणि म्हणायचे, "आमच्यात सॅल्यूट असतो." आज मला धरायला तुम्ही नाही. आज मी पाया पडणार आहे.

नमस्कार करते, तात्या.