दादाचा रुपया

तुम्ही हसाल, पण ऐका. दादाला जाऊन दोनच महिने झाले होते. त्याचा मेटल डिटेक्टर उचलला आणि इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकजवळ तो दर रविवारी जायचा, त्या शेतात गेलो. तिथे पुरातत्त्ववाले उत्खनन करतात, हौशी लोकांनाही सोबत घेतात. दादाच्या मशीनवर एक तरी रोमन नाणं काढायचंच, असं मी ठरवलं होतं.

मशीन वाजलं. नियम असा की झेंडी रोवायची आणि थांबायचं. मला कुठला धीर! हातानेच माती उकरायला लागलो. तिथल्या प्रमुख हेलनबाई धावत आल्या. "अरे, हात काढ आधी!"

मग त्या गुडघ्यांवर बसल्या आणि ब्रशने हळूहळू माती झाडू लागल्या. माझा जीव टांगणीला.

निघाला भारताचा एक रुपया.

माझं तोंड एवढंसं झालं. बाई मात्र खो खो हसत सुटल्या. "हा सातवा! तुझा भाऊ नाणं सापडलं की त्या जागी गुपचूप रुपया पुरायचा. म्हणायचा, जमिनीकडून फुकट घेऊ नये. किती ओरडले मी त्याला!"

त्यांनी रुपया पिशवीत टाकला, पेन काढलं. "इथे वस्तूचा काळ लिहावा लागतो. काय लिहू?"

मी म्हटलं, "दादाचा."

खरंच लिहिलं त्यांनी. रोमन नाण्यांच्याच पेटीत आहे तो, जाऊन बघा.