खिडकीपुढे बसलेला नवरा

नाही, म्हणजे तुम्हीच सांगा, आपली बायको कुठल्या कुशीवर झोपते हे तिच्या मावशीपुढे मोठ्याने कसं सांगायचं हो? पण ही पाचवी मावशी हटेल तर शपथ! इकडे व्हिएतनामात, बेन त्रे गावातल्या आमच्या घरात, भर दुपारी, टेबलापलीकडे खुर्ची टाकून बसलेली... का, तर ती म्हणे वकिलातीतली साहेबीण, आणि मी खिएम, बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा, व्हिसा मागायला आलेला! "लाजतोस काय मेल्या! व्हिसाच्या खिडकीतली बाई हेच विचारणार! बोल, दिएप कुठल्या कुशीवर झोपते?" मी म्हटलं, "डाव्या." तर आतून सासूबाई ओरडल्या, "उजव्या! लहानपणापासून उजव्या!" मावशीने कपाळावर हात मारला. "संपलं! खोटं लग्न!"

अहो, खोटं कसलं? दिएप तिकडे अमेरिकेत बायकांची नखं रंगवते. लग्नाला आली, रजा संपली, गेली... आणि मुलगी तिकडेच झाली. लान तिचं नाव. अडीच वर्षांची झाली पोरगी, आणि मी तिला एकदाही उचलून घेतलेलं नाही. फोनमध्ये दिसते, फोनमध्ये हसते, फोनमध्येच झोपते. अशा माणसाने कूस कुठून लक्षात ठेवायची?

पण मावशीला सगळं माहीत! व्हिसा म्हणजे काय, साहेब लोक काय विचारतात, सगळं पाठ! आणि तिला स्वतःला मिळाला होता का? नाही! दोनदा परत पाठवलं होतं!

बरं, ती एकटी असती तर चाललं असतं. सकाळी कॉफी प्यायला बसलो तर टपरीवाल्या तुयेतवहिनी. "भावजी, व्हिसावाल्या बाईच्या डोळ्याला डोळा भिडवू नका हो. उद्धट वाटतं. मान खाली." मी मान खाली घालायची सवय करायला लागलो, तोवर थिएन गुरुजी सायकलवरून उतरले. "खिएम! मान वर! थेट डोळ्यांत बघायचं! नजर चुकवली की ते खोटं लगेच ओळखतात!" आता मान नेमकी करायची काय? मी आपला एकदा वर, एकदा खाली... वहिनी म्हणाल्या, "भावजी, मानेत लचक भरलीय का?"

आणि तुम्हाला सांगतो, या दोघांना मिळाला होता का? नाही! मग माझ्या डोक्यात उजेड पडला... ज्यांना मिळाला ते सगळे गेले ना तिकडे! शिकवायला इथे उरणार कोण?

पण कळून उपयोग काय? बुडणाऱ्याने दोरी कुणाची आहे ते बघायचं का? ऐकत गेलो सगळ्यांचं. मावशीने लग्नाचे फोटो पसरले आणि किंचाळलीच. "अरे, हा नवरदेव आहे की प्रेताला खांदा द्यायला आलेला?" आता त्याचं असं झालं की लग्नाच्या दिवशी माझी अक्कलदाढ ठणकत होती. गाल हा असा सुजलेला! एका फोटोत हसू नाही. शेजारी दिएप चांदण्यासारखी, आणि मी... म्हटलं, "मावशी, विचारलं तर सांगतो, दाढ दुखत होती." तर ती उसळली. "खबरदार! दुखण्याचं नावसुद्धा काढायचं नाही! आजारी माणूस ते घेत नाहीत!"

आणि तिला मिळाला होता का? जाऊ द्या.

मुलाखतीच्या दिवशी पहाटेच्या बसने सायगॉन गाठलं. इस्त्रीचा शर्ट घामाने पाठीला चिकटलेला. नंबर पुकारला. काचेपलीकडे एक गोरी बाई, आमच्याच भाषेत बोलत होती, आणि वाईट म्हणजे... प्रेमळ होती हो! प्रेमळ बाईसमोर काय करायचं ते कुणी शिकवलंच नव्हतं! कुशीबिशीचं काही विचारलं नाही. फोटो चाळले, थांबली आणि हळूच म्हणाली, "लग्नात तुम्ही खूश दिसत नाही?"

दाढ! जिभेच्या टोकावर आली होती दाढ! पण डोक्यात मावशी बसलेली... "खबरदार!" मी मान वर केली, खाली केली, आणि म्हणालो, "साहेब, मी खूश असलो की असाच दिसतो."

बाई माझ्याकडे बघत राहिली. आणि अहो, मी त्या वेळीही तसाच दिसत होतो! मग तिने एक चिठ्ठी सरकवली. नकार नाही म्हणे. आणखी पुरावे आणा, मग बघू.

बाहेर येऊन दिएपला फोन लावला. झालं ते सगळं सांगितलं. मला वाटलं, आता शिव्या घालणार. तर म्हणाली, "दाढ दुखत होती एवढं सांगता आलं नाही का रे तुला?" आणि रडायला लागली. मी फुटपाथवर उभा. शेवटी नाक ओढून म्हणाली, "पुरावा हवाय ना त्यांना? पुरावा घेऊनच येते."

आणि आली हो! साठवलेली सगळी रजा काढून, लानला घेऊन आली! मी विमानतळावर फुगा धरून उभा. धावत जाऊन पोरीला उचललं, तर तिने असा टाहो फोडला की पोलीस बघायला लागले. दिएप म्हणते, "अगं, हा बा!" तर ती ओरडते, "हा नाही! बा फोनमध्ये आहे!"

घरी आलो तरी तेच. मी जवळ गेलो की ती आजीच्या मागे. खाईना, झोपेना, फोनकडे बोट दाखवून, "बा पाहिजे, बा पाहिजे..." सासूबाई रडतायत, मावशी मला म्हणते, "जरा हसून बघ की!" हसलो. पोरगी आणखीच रडली.

शेवटी फोन घेऊन मी स्वयंपाकघरात गेलो, चुलीशी उकिडवा बसलो आणि बाहेरच्या खोलीत दिएपला फोन लावला. आणि काय सांगू... भिंतीपलीकडे पोरगी खिदळायला लागली! "बा! बा!" तिचं हसू मला दोनदा ऐकू येत होतं, एकदा फोनमधून, एकदा दारातून. मग रोज विचारते तसं विचारलंच तिने, "बा, तू इकडे कधी येणार?"

चार पावलांवर होती हो ती! पण जिभेला सवयच झालीय, निघूनच गेलं तोंडातून...

"येतो बाळा. कागद तपासतायत."