वीराच्या दोन वाटा

सातारा स्टँडवर पुण्याच्या गाडीच्या रांगेत विनोदिनीबाईंच्या पुढं सुट्टी संपलेला एक फौजी आणि त्याची बायको उभी होती. तिच्या पिशवीतून बी.ए.चं पुस्तक डोकावत होतं. त्याच्या मुठीत मोबाइल होता.

“तुमचं साब फोन करतील तवा काय सांगणार?”

“सीमेवरच जातो म्हणून. ट्रेनिंग सेंटरवर नव्या रंगरुटांची कवायत घेत बसू व्हय?”

“बसा की.”

“सृष्टी, तूच वाचून दाखवलंस न्हवं? ग्रीक महाकाव्यातला वीर म्हंजे घरात म्हातारा न होता रणात पडणारा. त्याचंच नाव गाण्यात राहतं.”

“फुडचं ऐकायच्या आधी तुमी घोरायला लागला. तिथं वादळं झेलून, भिकाऱ्याच्या वेशात का हुईना, घरी पोचणाराबी वीरच हाय. त्याचंबी गाणं हाय.”

“लढाईत पडलेल्या आमच्या आबांचं नाव दर जत्रंला माइकवर घेत्यात.”

“आन् तुमच्या आईला, आत्याबाईंना, शाल देत्यात. त्या शाली पेटीत, आन् थंडीत अंगावर गोधडी. का, इचारलंत कवा?”

“न्हाई.”

“मी इचारलं. म्हणाल्या, शाल पांघरली तर धनी गेलं हे कबूल केल्यागत हुईल.”

मोबाइल वाजला. विनोदिनीबाईंनी उगाच पर्सची चेन उघडली, मिटली.

“घ्या. मी काय बोलत न्हाई.”

“जय हिंद, साब... जी साब...” त्यानं फोन दुसऱ्या कानाला लावला. “साब, सेंटर.”

गाडी फलाटाला लागली.

“गाव हसंल गं आता.”

“हसंना. हसायला येतील त्यांना च्या मी करीन, तुमी फकस्त समोर बसा.”