तारा किती उंच होत्या

शप्पथ सांगतो डॉक्टर, यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे — म्हणजे बायकोचा भाग तरी खरा, बाकीचं जरा सैल धरा — पण गिटार विकायची भाषा करू नका. बोटं दाखवा बघू. अरारा! या बोटांनी तुम्ही लोकांचे दात काढता? तीन महिन्यांत एक सूर धड निघाला नाही, म्हणून आपल्यात संगीतच नाही असं ठरवून मोकळे झालात — आणि ही तार पाहिलीत का केवढी वर आहे ती? खालून माझा अख्खा अंगठा जातो. बरं, अंगठा नाही, करंगळी. बरं बाबा, पेन्सिल! पेन्सिल तरी कमी आहे का? बसा, बोलता बोलता करून देतो. नवीकोरी गिटार बरेचदा अशीच येते हो, तिला कुणीतरी वाजण्याजोगी करावी लागते — इथं वरच्या टोकाला तारांच्या खाचा खोल करायच्या, खाली तारा टेकतात त्या घोडीची पट्टी घासायची, मान जरा सरळ करायची, तारा बारीक घालायच्या, बस्स. नवशिक्याला हेच आधी पाहिजे. मुरलेला माणूस काय, कुंपणाच्या तारेवरही वाजवेल.

कोण म्हणतं, आधी बोटं घट्ट झाली पाहिजेत? मीच म्हणायचो. अहो, मीच — बायकोला. तिला काय, धाकट्या बहिणीच्या लग्नात एक गाणं वाजवायचं होतं, एवढीच हौस. बोटं दुखतात म्हणाली. मी म्हटलं, पळणारे पायाला वाळूच्या पिशव्या बांधतात की नाही सरावाला? म्हणून तारा आणखी वर चढवल्या. ती रडकुंडीला आली की घोडीखाली आणखी एक पट्टी. शेवटी शेवटी तर तारांखाली मांजर झोपायचं — हसू नका, त्यानं कूस बदलली की सूर बदलायचा. आणि बोटं? बोटं अशी झाली डॉक्टर, की आधी घरातल्या बरण्यांची झाकणं, मग शेजारच्यांच्या बरण्या, मग वरच्या मजल्यावरच्या वकिलांचा गंजलेला नळ — पान्याला दाद देईना, हिनं चिमटीत धरून सोडवला. जिन्यात रांग लागायची! एकदा रस्त्यात बस बंद पडली, चाकाचे नट हलेनात, तर ड्रायव्हर वर येऊन विचारतो, “वहिनी आहेत का घरात?” जगातलं सगळं उघडायचं तिला — फक्त ते गाणं तेवढं उघडेना.

लग्नाचा दिवस आला. हॉल भरलेला, सासूबाई पहिल्या रांगेत. हिनं पहिला सूर दाबला आणि — कडाड! गिटारची मानच हातात! सासूबाई म्हणतात कशा, “जावईबापू, आपल्याच दुकानातली का ही?”

घ्या, झाली तुमची. दाबा. अहो हळू, दाढ नाहीये ती! — ऐकलंत? आता पुन्हा. ऐकलंत ना? तीन महिन्यांत निघालं नाही ते निघालं, आणि बोटं तीच, घरून आणलेली. रोज दहा मिनिटं बसा, महिन्यात गाणं येईल.

मग काय झालं म्हणजे? मग काही नाही. नाही, तिनं परत धरली नाही. असं बघू नका हो माझ्याकडे. बरं — मान मोडली नव्हती. ते मी पदरचं घातलं. मोडली म्हटलं की सांगायला बरं पडतं, दोष लाकडावर जातो. ती हॉलवर गिटार घेऊन गेलीच नाही. आदल्या संध्याकाळी खोक्यात ठेवली, म्हणाली, “राहू द्या हो, माझ्यातच नाही ते.” आणि मी — जन्मभर हाच धंदा करणारा माणूस — म्हणालो, “असू दे गं, सगळ्यांनाच नाही जमत.” मागच्या वर्षी ती माहेरी गेली होती, तेव्हा काढली खोक्यातनं. तारा खाली आणल्या. अर्ध्या तासाचं काम. लोण्यासारखी वाजते आता. पण तिच्या हातात देऊ कशी? पहिल्या सुरालाच कळेल ना तिला, की एकवीस वर्षं —

नाही, तुम्ही मधे पडू नका. तुम्ही दातांचं बघा. उचला ती गिटार आणि निघा. दार ओढून घ्या.