दोन बोटं आणि अण्णांची फियाट

दोन बोटं! नाही, तुम्हीच सांगा, दोन बोटं म्हणजे किती हो? ही बघा, ही एवढी! भाताला पाणी किती ठेवायचं, तर तांदळावर दोन बोटं, तिथपर्यंत मला मान्य आहे... पण ह्या दोन बोटांनी माझं अख्खं वर्ष खाल्लं, वडिलांच्या गाडीचं तोंड खाल्लं, आणि वर तो दत्ताराम, आमचा वाकोल्याचा मेकॅनिक, पक्का मालवणी, हातातला पाना खाली न ठेवता मलाच सांगतो, "साहेबानु, टेन्शन कसला घेतास? दोन बोटांचा काम आसा!"

तुम्हाला सांगतो, गाडी म्हणजे साधी गाडी नाही. छप्पन्न सालची फियाट! ते गोल नाकाचं मॉडेल, ज्याला अख्खी मुंबई 'डुक्कर फियाट' म्हणायची. आमच्या अण्णांसमोर मात्र तो शब्द काढायची सोय नव्हती, सख्ख्या मेव्हण्याशी ते त्यावरून चार वर्षं बोलले नव्हते! पार्ल्याला बिल्डिंगमागे त्यांनी गाडीसाठी गॅरेज बांधून घेतलं, तेही कसं, तर शिंप्यासारखं तिचं माप घेऊन. शटर खाली आलं की शटर आणि गाडीचं नाक यांच्यात हात जायचा नाही. पाहुणा आला की चहाच्या आधी गॅरेज! "घाला, हात घालून बघा!" आणि पाहुणे बिचारे बघायचे हो.

अण्णा गेले, गाडी राहिली, आणि मग ती तापायला लागली. आता त्यात तिचं काय चुकलं? ती मोकळ्या रस्त्यावर वारा खात चालायची, आणि आता जोगेश्वरीचा एक सिग्नल तीनदा हिरवा होतो तरी आपण तिथेच. कोण तापणार नाही? मी तापतो! गेल्या वर्षीच्या दसऱ्याला आईला घेऊन निघालो मुलुंडला. तिथे आईची थोरली बहीण असते, जयंतीमावशी. मावशी अठ्ठ्याऐंशीची, आमची आई चौऱ्याऐंशीची, आणि दर दसऱ्याला आई तिला सोनं द्यायला जाते ती अण्णांच्याच गाडीतून. रिक्षा नको, टॅक्सी नको, "ह्यांची गाडी असताना?" तर पवईला गाडीने काय करावं? फुस्स! बॉनेटमधून वाफच वाफ, आई मागच्या सीटवर मांडीत आपट्याची पानं घेऊन बसलेली, आणि तिथूनच परत. घरी येऊन तिने ती पानं देवापुढे ठेवली आणि एक शब्द बोलली नाही. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं मला.

बोलली ती मानसी, आमची बायको. "अहो, माझी गाडी तीन वर्षं रस्त्यावर कावळ्यांखाली उभी आहे, आणि ही तुमची आत राणीसारखी! पुढच्या दसऱ्याला आईंना घेऊन मुलुंडला पोचली, तर गॅरेज जन्मभर तिचं. नाही पोचली, तर बदलापूरच्या त्या हॉलवाल्याला देऊन टाकायची." हा हॉलवाला म्हणजे लग्नाचा हॉल चालवतो, त्याला दारात जुनी गाडी उभी करायची आहे. कशाला? लोक टेकून फोटो काढणार! अण्णांच्या गाडीला टेकून! मुंडावळ्या बांधून! माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "पोचेल! पोचेल म्हणजे पोचेलच!" आणि तडक वाकोला गाठलं.

दत्तारामने बॉनेट उघडलं, मान हलवली. "रेडिएटर ल्हान आसा. मोठो घालूया." कुर्ल्याच्या भंगारातून कुठल्याशा व्हॅनचा रेडिएटर घेऊन आला, खिडकीएवढा! "अर्ध्या तासात बसयतंय." अर्ध्या तासाने काय? बसत नाही. कितीने बसत नाही? दोन बोटं!

"कापूया," म्हणाला.

"काय कापूया?"

"ही आडवी पट्टी ओ. दोन बोटांचा काम."

कापली पट्टी. रेडिएटर बसला, पण बॉनेट बंद होईना, कारण बॉनेटची कडी त्या पट्टीवरच होती! बरं, कडी दुसरीकडे लावली, गाडी चालू केली तर आतून खर्रर्र... पंखा रेडिएटरला घासतोय! मग रेडिएटर पुढे ढकला. किती? बोला, तुम्हीच बोला! तो पुढे आला तर तोंडावरची जाळी बसेना, जाळी पुढे घ्यायची तर नाक पुढे घ्यायला पाहिजे, मग बोलावला डेंटर, त्याने नाकाचा पत्रा कापून मध्ये पट्टी जोडली, तर दोन्ही हेडलाइट तिरळे! एक जुहूकडे बघतोय, एक घाटकोपरकडे! आणि मधूनमधून हा दत्ताराम गावाला. जत्रेला गेला, शिमग्याला गेला, मे महिन्यात आंब्यांना गेला, आणि गणपतीला तर काय, विचारायची सोयच नाही! पंधरा दिवस गाडी तिथे तोंड वासून पडलेली, आणि मी रोज जाऊन तिला बघून यायचो, आजारी माणसाला भेटून यावं तसा. एकदा आईला घेऊन गेलो, ती दारातच थबकली. "विद्याधर, अण्णांच्या गाडीचं नाक कापलंस रे?"

पण शेवटी झाली हो! दसऱ्याच्या आदल्या दिवशी दत्ताराम आणि मी वाकोल्याहून पवईपर्यंत भर ट्रॅफिकमध्ये जाऊन आलो, आणि तापमानाचा काटा अर्ध्याच्या वर हलला नाही. मी दत्तारामला मिठी मारली, शर्टाची वाट लागली, लागू दे! गाडी आणून पूजेसाठी तशीच अंगणात उभी केली.

दसऱ्याला सकाळी पूजा. आईने हळदकुंकू वाहिलं, आणि हार... हार मी आणला होता. साधासुधा नाही! बाजारातून पाच किलो झेंडू, मध्ये आंब्याची पानं, तिपदरी, आणि मी स्वतः तो जाळीवर असा घट्ट बांधला की आतलं काही दिसू नये. मानसी दारातून म्हणाली, "अहो, तिला श्वास तरी घेऊ द्या." मी म्हटलं, "तू गप गं, तुला गाडीतलं काय कळतं?"

आई मागे, मानसी माझ्या शेजारी, निघालो. पवई. तेच पवई! काटा अर्ध्यावर, पाऊणवर, लालमध्ये... फुस्स! झेंडू आतून शिजलेला, त्याचा तो वास, मागे हॉर्नवर हॉर्न. मला रडू यायचं बाकी होतं. दत्तारामला व्हिडिओ कॉल लावला. "साहेबानु, तिचा तोंड दाखवा." दाखवलं.

"ह्यो हार कोणी घातलो?"

"मी."

"वर्षभर मी तिचा तोंड मोठा करतंय, आणि तुम्ही त्येच्यात झेंडू कोंबलास? वारो खंयसून जातलो?"

खरंच की, वारा जाणार कुठून? मी हाराला हात घातला, तर मागून आई कडाडली, "खबरदार! दसऱ्याचा हार दिवसाउजेडी काढायचा नाही. ह्यांनी कधी काढला नाही!" आता बोला! फोनमधून दत्ताराम ओरडतोय, "काढू नकात, काढू नकात! बॉनेटार घाला!" मग हार चढवला बॉनेटवर, पाऊण तास इंजिन गार होऊ दिलं, आई तेवढ्यात येणाऱ्याजाणाऱ्याला सोनं वाटत बसली, हवालदारालासुद्धा दिलं. मला वाटलं, मानसी आता हॉलवाल्याला फोन लावणार. तिने पिशवीतून पाण्याच्या बाटल्या काढल्या, एकेक करून माझ्या हातात दिल्या आणि म्हणाली, "ओता. दसरा अजून संपला नाही."

आणि पोचली! मुलुंडला पोचली हो! जयंतीमावशी वॉकर घेऊन गेटपर्यंत आली, दोघी बहिणींनी एकमेकींना सोनं दिलं, रडल्या, हसल्या, आणि मावशी गाडीकडे बघून म्हणते, "नलू, ह्या गाडीचं नाक वाढलंय का गं?" आम्ही सगळे हसलो. वय झालंय तिचं, म्हटलं मी.

संध्याकाळी घरी आलो. मानसी म्हणाली, "शब्द म्हणजे शब्द. लावा तिला आत." छाती फुगवून मी गाडी रिव्हर्समध्ये गॅरेजात घातली, मागच्या भिंतीला टेकेपर्यंत, आणि शटर ओढलं. अर्ध्यावर आलं आणि... टक्! नाकावर बसलं. नाक बाहेर! कितीने बाहेर, ते मी मोजलंच नाही, मोजायची गरजच नव्हती. दत्तारामला फोन केला, तर म्हणतो, "मागची भिंत तासूया, साहेबानु. मंगळवारी येतंय."

तेव्हापासून गॅरेजात मानसीची गाडी आहे, कावळ्यांखाली अण्णांची फियाट आहे, आणि तिच्या नाकाशी स्टूल टाकून मी बसलोय. दत्ताराम मंगळवारी येणार आहे. कुठल्या मंगळवारी, ते मी विचारलेलं नाही.